किल्लारीने राष्ट्रास काय शिकविले

संकट कोसळले म्हणजे राष्ट्र जागे होते, असे आपण नेहमी म्हणतो. वाक्य खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. जागे होण्यास एक हाक पुरते. जागे राहण्यास मात्र वर्षानुवर्षे शिस्त लागते. एखाद्या देशाने आपत्तीला कसे तोंड दिले, याचा हिशेब आपण बहुधा पहिल्या आठवड्यात मांडून मोकळे होतो. किती सैनिक धावले, किती धान्य गेले, किती निधी जमला, एवढ्यावर आपले समाधान होते. हा हिशेब पहिल्या आठवड्याचा न मांडता पुढच्या दहा-वीस वर्षांचा मांडला, तर काय दिसते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला, तेरणा नदीच्या काठी जाणार आहोत. त्या काठावर किल्लारी हे गाव आहे.

लातूर जिल्ह्याचा औसा तालुका आणि त्याला लागून असलेला तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्याचा उमरगा तालुका हा काळ्या जमिनीचा, ज्वारी-तुरीचा मुलूख. हा सारा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९६० साली तो महाराष्ट्र राज्याचा घटक झाला. दुष्काळ त्याच्या परिचयाचा होता. १९७२ सालचा दुष्काळ तेथील वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजूनही आहे. परंतु भूकंप ही गोष्ट त्याच्या कल्पनेतही नव्हती. दख्खनचे पठार म्हणजे पृथ्वीवरील अत्यंत स्थिर भूभागांपैकी एक, असे शास्त्रज्ञांचेही मत होते. देशाच्या भूकंपविषयक नकाशात या भागाला सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात स्थान मिळाले होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर हादरले, तेव्हा त्या स्थिरतेच्या समजुतीला पहिला तडा गेला. पण त्या धक्क्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला आणि पठाराचा उरलेला भाग निर्धास्त राहिला.

तथापि भूमीने पूर्वसूचना दिलीच नव्हती, असे म्हणता येत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून पुढील वर्षाच्या मार्चपर्यंत किल्लारीच्या परिसरास शंभराहून अधिक लहानमोठे धक्के बसले. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत सर्वांत मोठा होता. गावकरी भयभीत झाले. काही काळ लोक उघड्यावर निजू लागले. नंतर धक्के कमी झाले, माणसे पुन्हा घरात आली आणि चर्चा मावळली. अशा धक्क्यांमागून मोठा भूकंप येईलच, असे छातीठोकपणे सांगणारे शास्त्र तेव्हा नव्हते व आजही नाही. पण भूकंपाचे भाकीत करणे वेगळे आणि घराची भिंत तपासणे वेगळे. दुसरे काम तेव्हाही करता आले असते. त्या वेळचे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हे मराठीचे जाणकार होते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचे त्यांनी तेलुगूत भाषांतर केले होते. त्या कादंबरीचा विषय सर्वस्वी निराळा. परंतु तिचे नाव मात्र किल्लारीच्या त्या एका वर्षाला अगदी चपखल बसते.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणरायाचे विसर्जन करून, दहा दिवसांच्या जागरणाने थकलेली गावे गाढ झोपी गेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगाच्या मानाने हा काही महाप्रचंड भूकंप नव्हे. पण तो अगदी उथळ होता आणि त्याच्या डोक्यावर झोपलेली घरे होती.

ही घरे कशी होती, हे समजल्यावाचून पुढचे काहीच समजणार नाही. दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड अशा दगडमातीच्या भिंती. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर टाकून केलेले माळवद. उन्हाळ्यात थंड, चोराचिलटांना अभेद्य, वाडवडिलांच्या पुरुषार्थाची साक्ष देणारी ही घरे होती. घराची ऐपत खणांवर मोजली जाई आणि भिंत जितकी जाड तितकी घराण्याची प्रतिष्ठा मोठी. मात्र या भिंतींचे अंतरंग पोकळ होते. बाहेरचा दगडी थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये मातीगोट्यांची भर. दोहोंना आरपार बांधून ठेवणारे जोडदगड बहुधा नसत. जमीन हलताच हे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि मातीचे ओझे घेऊन माळवद खाली आले. जे घर ऊन, वारा आणि दरोडेखोर यांपासून रक्षण करी, त्यानेच आपल्या माणसांना गाडले. किल्लारी, तळणी, मंगरूळ, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशी गावेच्या गावे काही क्षणांत दगडांचे ढीग होऊन पडली. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८ असा दिला जातो. इतर गणतींत तो नऊ हजारांच्या पुढे जातो.

आता राष्ट्राने काय केले ते पाहू. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी लातुरास पोचले. सैन्यदलाची पथके आली. ढिगाऱ्यांतून जिवंत माणसे आणि प्रेते काढण्याचे दुःसह काम जवानांनी केले. त्यातच पाऊस सुरू झाला. चिखलात दगड उपसणे कठीण आणि ओल्या लाकडांवर सामुदायिक चिता पेटविणे त्याहून कठीण. सोलापूर, लातूर, उमरगा येथील रुग्णालये जखमींनी भरून गेली. योगायोग असा, की त्या वेळी देशाचे गृहमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते आणि लोकसभेचे अध्यक्षपद लातूरचे खासदार शिवराज पाटील भूषवीत होते. दिल्लीच्या दरबारी मराठवाड्याचे दुःख समजावून सांगण्यास दुभाष्याची गरज नव्हती.

लोकांची अनुकंपा तर पुरासारखी लोटली. देशाच्या कानाकोपऱ्यातून धान्य, औषधे, भांडी, पैसा आला. परदेशांतूनही साहाय्य आले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १,२०० मुले पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. केरळातील ‘मल्याळ मनोरमा’ या वृत्तपत्राने वाचकांच्या देणग्यांतून बाणेगाव नव्याने उभारण्याचे काम हाती घेतले आणि त्यासाठी लॉरी बेकर या विख्यात वास्तुशिल्पकाराचे मार्गदर्शन घेतले. मलयाळी वाचकाने मराठवाड्यातील न पाहिलेल्या खेड्यासाठी आपली कमाई द्यावी, यातच राष्ट्र या शब्दाचा अर्थ आहे. तो शिकविण्यास दुसऱ्या पाठ्यपुस्तकाची गरज नाही.

परंतु पुरालाही गाळ असतो. अंगावर घालण्यास अयोग्य अशा जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. भग्न गावे पाहण्यास येणाऱ्या बघ्यांच्या गर्दीने मदतीच्या वाहनांची वाट अडली. काल जो स्वतःच्या शेताचा धनी होता, त्याला आज पोत्यापुढे रांगेत हात पसरून उभे राहावे लागले. देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, घेणाऱ्याच्या मनाला बसलेला हा दुसरा धक्का कोणत्याही भूकंपमापकावर नोंदला जात नाही.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. जागतिक बँकेकडून २४ कोटी ६० लक्ष डॉलरांचे कर्ज घेऊन महाराष्ट्र सरकारने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. त्याचे ठळक असे दोन भाग होते. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावयाची, हा पहिला. ज्या गावांत घरांना भेगा पडल्या पण घरे उभी राहिली, तेथील सुमारे दोन लक्ष घरांची दुरुस्ती व मजबुती मालकांकडूनच करवून घ्यावयाची, हा दुसरा. एकाच राज्याने, एकाच आपत्तीनंतर, एकाच वेळी अवलंबिलेले हे दोन निरनिराळे मार्ग म्हणजे इतिहासाने आपल्यासमोर मांडलेला एक प्रयोगच होय.

पहिल्या मार्गाने जी गावे झाली, ती आजही पाहता येतात. भूमिहीनास २५० चौरस फूट, अल्पभूधारकास ४५० आणि मोठ्या शेतकऱ्यास ७५० चौरस फूट, अशा मापाने घरे बांधली गेली. सरळ रेषेतले रुंद रस्ते, एकसारख्या घरांच्या ओळी, शाळा, दवाखाना, समाजमंदिर. शेकडो वर्षे मातीशी झगडणाऱ्या माणसाला सिमेंटचे छप्पर मिळाले, स्त्रियांना घराजवळ पाणी मिळाले, ही सामान्य गोष्ट नव्हे. भूमिहीन मजुराच्या नावे पक्के घर झाले, हे तर जुन्या गावात क्वचितच घडले असते.

तरीही या गावांत फिरताना काहीतरी हरवल्याचे जाणवते. आपल्याकडे शेतीच्या जमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. पांढरी ही नुसती जागा नसते. कोणाच्या घरामागे कोणाचे घर, कोणत्या ओट्यावर कोण बसणार, गल्ली कोठे वळणार, म्हशी कोठे बांधणार, कडबा कोठे रचणार, हे सारे पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहाराने तिच्यावर लिहिलेले असते. नवी गावे कागदावर आखली गेली आणि कागदावर म्हशींना जागा नव्हती. गाव जुन्या विस्ताराच्या कितीतरी पट पसरले. शेजारी दूर गेले. भाऊबंद वेगवेगळ्या ओळींत विखुरले. म्हातारी माणसे ओटा शोधीत राहिली. पुढे लोकांनी आपणहून घरांना पत्र्याची पडवी जोडली, अंगणात गोठा घातला, पुढच्या दारी आडोसा केला. हे पाहून कोणी बेशिस्त म्हणेल. वस्तुतः घर बांधून झाल्यावर मागाहून दिलेले ते घरधन्याचे मत होते, कारण आधी त्याला ते फारसे कोणी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या मार्गाची कथा कमी झगमगीत आणि अधिक बोधप्रद आहे. येथे पाहुण्यांकडून कोनशिला बसविण्यासारखे काही नव्हते. मालकाने स्वतःचे घर दुरुस्त करावयाचे, सरकारने टप्प्याटप्प्याने साहाय्य द्यावयाचे आणि अभियंत्याने मार्ग दाखवावयाचा. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळईसह काँक्रीटचा जोड बसविणे, माळवदावरील मातीचा भार कमी करणे, तुळई आणि खांब यांच्या सांध्यांना आधार देणे, भिंतींभोवती भूकंपरोधक पट्टा घालणे, असे हे साधे उपाय होते. पण ज्याने दगडाच्या भिंतीखाली माणसे मेलेली पाहिली, त्याला पुन्हा त्याच दगडावर विश्वास ठेवावयास लावणे हे काम साधे नव्हते. लोक म्हणत, आम्हाला दगड नको. आणि त्यांचे काय चुकले?

येथे स्त्रिया पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेवर लोकसहभागाची जबाबदारी सोपविण्यात आली आणि गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडण्यात आल्या. हजाराहून अधिक गावांत या स्त्रियांनी घरोघर जाऊन योजना समजावून सांगितली, साहाय्याचे हप्ते कोठे अडले ते पाहिले, अभियंत्यास गावाची भाषा आणि गावास अभियंत्याची भाषा शिकविली. घराच्या भिंतीविषयी निर्णय घेण्याचा ज्यांना कधी अधिकार नव्हता, त्या आता मिस्त्रीच्या कामावर देखरेख करू लागल्या. ढिगाऱ्यातून निघालेली ही खरी संपत्ती होय, असे माझे मत आहे.

आता पुढील प्रश्न असा, की हे शिक्षण मराठवाड्यातच राहिले, की राष्ट्राने ते आत्मसात केले? २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले. तेथेही प्रारंभी गावे हलविण्याची भाषा झाली. पण बहुतेक गावांनी आपली पांढरी सोडण्यास नकार दिला. सरकारने घरधन्याच्या हाती टप्प्याटप्प्याने पैसा आणि तांत्रिक मार्गदर्शन देऊन त्यालाच घर बांधू देण्याचे धोरण स्वीकारले. लातूरकडच्या स्त्रिया गुजरातेत गेल्या आणि तेथील स्त्रियांना स्वतःच्या अनुभवाचे बोल सांगू लागल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने आपत्तिव्यवस्थापनासाठी राष्ट्रीय समिती नेमली. तिचे उपाध्यक्षपद, राजकीय पक्षभेद बाजूस ठेवून, शरद पवारांकडे देण्यात आले. किल्लारीचा अनुभव अशा रीतीने दिल्लीच्या दफ्तरात शिरला.

आणि मग २६ डिसेंबर २००४ चा दिवस उजाडला. सुमात्रा बेटाजवळ समुद्रतळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जपानी भाषेत ज्यांना त्सुनामी म्हणतात, त्या लाटांनी हिंदी महासागराचे किनारे धुऊन नेले. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक. किल्लारीत भिंत वैरी झाली, येथे पोशिंदा समुद्रच वैरी झाला. स्वतः घायाळ असताना भारताने त्याच दिवशी श्रीलंकेकडे साहाय्य रवाना केले आणि पाठोपाठ मालदीव व इंडोनेशिया यांच्याकडे आपली जहाजे धाडली. परक्या सरकारांनी देऊ केलेली तातडीची मदत त्याने नम्रपणे नाकारली. पुनर्वसनासाठी मात्र जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांचे कर्ज घेतले. किल्लारीच्या वेळी साहाय्य घेणारे राष्ट्र अकरा वर्षांनी साहाय्य देणारे राष्ट्र झाले होते. त्या वेळी देशाचे गृहमंत्री होते लातूरचेच शिवराज पाटील.

तामिळनाडूच्या कोळीवाड्यांतही मराठवाड्याच्या स्त्रिया पोचल्या. औशाच्या काळ्या मातीतली बाई नागपट्टिणमच्या वाळूत कोळिणीशेजारी बसून बोलत आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. एकीला तामिळ येत नव्हते, दुसरीला मराठी. पण घर गेलेल्या बाईला दुसऱ्या घर गेलेल्या बाईशी बोलण्यास फारसे शब्द लागत नाहीत.

लाटा ओसरल्यावर काय उरले, हे पाहणे अगत्याचे आहे. २००५ च्या डिसेंबरात आपत्तिव्यवस्थापनाचा कायदा झाला. राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले. आपत्तीत धावून जाणारे राष्ट्रीय प्रतिसाद दल उभे राहिले. २००७ च्या ऑक्टोबरात हैदराबाद येथे त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र सुरू झाले. तोपर्यंत आपत्ती म्हणजे मुख्यतः मदत, असा सरकारी दृष्टिकोन होता. कायद्याने पूर्वतयारी हे सरकारचे कर्तव्य ठरविले. किल्लारीच्या शिक्षणाची ही सर्वांत मोठी फलश्रुती होय.

शास्त्रालाही किल्लारीने शिकविले. भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल छिद्र पाडण्यात आले. ३३८ मीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली अतिप्राचीन खडक लागला आणि आपण ज्याला स्थिर म्हणतो त्या भूमीच्या पोटातही जुने भेग-भंग दडलेले असतात, हे मान्य करावे लागले. २००२ साली भूकंपविषयक नकाशा सुधारला गेला. निर्धोक असा पहिला विभागच त्यातून नाहीसा झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. पूर्णपणे निर्धोक अशी जागा या देशात नाही, हे त्या नकाशाने निःसंदिग्धपणे सांगितले.

असे असता आपण आता निश्चिंत व्हावे काय? २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. नांदेड व परभणीकडेही तो जाणवला. त्याच वर्षी १० जुलैला त्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा आला. मोठी हानी झाली नाही. लोक घराबाहेर आले, थोडा वेळ उभे राहिले आणि पुन्हा आत गेले. १९९२ सालीही असेच झाले होते. या धक्क्यांमागून काही मोठे येईल, असे मला सुचवावयाचे नाही. तसे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. मला एवढेच विचारावयाचे आहे की, आत जाण्यापूर्वी त्या घरांच्या भिंतींकडे किती जणांनी पाहिले? लातूर, नांदेडसारख्या वाढत्या शहरांत दगडमातीची घरे जाऊन काँक्रीटची उंच घरे आली आहेत, आणि काँक्रीट म्हणजे सुरक्षितता, असा नवा भाबडेपणा रूढ झाला आहे. सळई कमी, वाळू अधिक आणि खाली वाहने ठेवण्यासाठी मोकळे सोडलेले खांब, असे घर हलत्या जमिनीपुढे माळवदाइतकेच असहाय असते. पूर्वी जाड भिंतीवर जो आंधळा विश्वास होता, तो आता सिमेंटच्या पोत्यावर गेला आहे, इतकेच.

श्रोतेहो, राष्ट्राची अनुकंपा आपण अनेकदा पाहिली आहे आणि तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उद्या पुन्हा कोठे हाहाकार उडाला, तर धान्याच्या गाड्या निघतील, जवान धावतील, मुलेही आपले खाऊचे पैसे देतील. पण अनुकंपा मेलेल्यांसाठी रडते. जिवंतांना वाचविते ती सावधगिरी. ती दाखविण्यास गाजावाजा होत नाही, तिची छायाचित्रे निघत नाहीत. नगरपालिकेचा अभियंता नकाशा परत पाठवितो, मिस्त्री जोडदगड विसरत नाही, शाळेतील गुरुजी वर्षातून एकदा मुलांना पटांगणात आणून उभे करतात, गृहिणी कपाट भिंतीला आवळून ठेवते, तेव्हा राष्ट्र आपत्तीला तोंड देत असते. फरक इतकाच की ती आपत्ती अद्याप आलेली नसते.

तेरणेच्या काठी जुन्या किल्लारीच्या पांढरीवर आता गवत उगवते. ज्यांना वाचविता आले नाही, त्यांच्या ऋणातून मुक्त होण्याचा एकच मार्ग आपल्या हाती आहे: जे वाचू शकतील, त्यांच्या भिंती वेळेवर तपासणे.